त्रेचाळीसची शहाऐंशी

आमच्या ऑफिसात पाच शर्मा होते. ‘शर्माजी बुला रहे हैं’ असा निरोप आला, की बाकीचे लोक अंदाजाने उठून चालायला लागत. वझलवार काका उठत नसत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून विचारत, “कौन से शर्मा? कौन सी मंज़िल के?” निरोप्याने दोन खुणा सांगितल्याशिवाय हा माणूस खुर्ची सोडायचा नाही. एकदा शिपाई वैतागून म्हणाला, “बाबूजी, मुख्यमंत्री बुलाएँगे तब भी पूछोगे, कौन से?” काका शांतपणे म्हणाले, “राज्य पूछ लूँगा.”

मी तिथे कंत्राटी प्रोग्रामर म्हणून लागले आणि पहिल्या आठवड्यातच हा माणूस माझ्या डोक्यात जायला लागला. राज्यभरच्या अंगणवाड्यांची माहिती गोळा करणारं ते सरकारी ऑफिस. कुठल्या गावात किती मुलं, कोणाचं वजन किती, हे सगळं सेविकांच्या मोबाइलवरून आमच्याकडे यायचं आणि आम्ही त्याच्या याद्या करून वर पाठवायच्या. काका तिथे सांख्यिकी सहायक होते. घराणं नागपूरकडचं, पण वडील इथल्या कारखान्यात लागले, म्हणून जन्म भोपाळचा आणि घरही इथल्याच सोनागिरी वस्तीत. हिंदी लोकांनी आडनावाचं ‘बजलवार’ करून टाकलं होतं. आयुष्यात एवढी एकच चूक त्यांनी दुरुस्त न करता सोडून दिली असावी.

मी क्वेरी चालवली, म्हणजे मशीनकडून यादी मागवली, की हे माझ्या खुर्चीमागे हजर. हातात किराणा दुकानात असते तसली लांबट लाल वही. “मॅडम, आधी किती ओळी होत्या? आता किती झाल्या?” मी सांगायची, ते लिहून घ्यायचे. तारीख, माझं नाव, आधी, नंतर. लिहिताना वही छातीशी धरायचे, परीक्षेत शेजारच्याला दिसू नये म्हणून मुलं धरतात तशी.

मीही काही भोळी नाही. भोपाळच्याच कोटऱ्यातल्या आमच्या घराला कुलूप लावल्यावर आई ते तीनदा ओढून बघते आणि चौथ्यांदा मी. त्यामुळे मला लगेच कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं, की हा माणूस माझ्या चुकांची नोंद ठेवतोय. आमचे सेक्शन प्रमुख दुबे सर. दर सोमवारी सकाळी काका ती वही काखेत मारून त्यांच्या केबिनमध्ये जात आणि दोन मिनिटांत बाहेर येत. चुगलीला दोन मिनिटं पुरतात. दर वर्षी माझ्या कंत्राटाच्या कागदावर दुबे सरांचीच सही लागायची, हेही मी विसरले नव्हते.

पुढे कधीतरी मी स्वतःच केबिनमध्ये बसलेली असताना काका आले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मान हलवली आणि गेले. दुबे सर फाईलमधून मान वर न काढता म्हणाले, “हर सोमवार को आते हैं. न मेरी घड़ी पे भरोसा है, न अपनी पे.” माझा संशय थोडा कमी झाला. गेला मात्र नाही. घड्याळ बघायला वही कशाला लागते?

काकांचा हा मोजण्याचा नाद ऑफिसभर चेष्टेचा विषय होता. चहाचे ग्लास आले की मोजायचे, परत गेले की मोजायचे. एका हिवाळ्यात आम्ही सगळे टेम्पो ट्रॅव्हलर करून भोजपूरच्या देवळाला गेलो. निघताना काकांनी मोजलं, चौदा. परत निघताना मोजलं, पंधरा. ड्रायव्हरने गाडी सुरू केली होती, बायकांना घरी पोचायची घाई. सगळे ओरडायला लागले, “अरे बाबूजी, कोई छूटा तो नहीं न! चलो न अब!” काका दारात पाय रोवून उभे. “एक बढ़ा कैसे?” शेवटी शोधलं तेव्हा मागच्या सीटवर एक अनोळखी गृहस्थ मफलर गुंडाळून गाढ झोपलेले सापडले. दुसऱ्या कुठल्याशा लग्नाच्या मंडळींबरोबर आले होते आणि आपली गाडी समजून आमच्या गाडीत चढले होते. तिकडे त्यांची बायको त्यांना देवळाच्या मागे शोधत होती.

परतताना काका माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, “कमी झालं तर भीती नाही मॅडम. कमी झालं की कोणीतरी बोंबलतं. माझं पोर कुठे, माझी बॅग कुठे. वाढलं की कोणी बोंबलत नाही. वाढलं की जास्त घाबरायचं.” मी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. एक झोपलेला माणूस सापडला म्हणून इतकं तत्त्वज्ञान, असं तेव्हा मनात आलं होतं.

आमच्या कामात वाढणं रोजचंच. दोन याद्या एकमेकींना जोडायच्या म्हणजे मशीनला सांगावं लागतं, की ह्या यादीतलं हे आणि त्या यादीतलं ते जुळलं की जोड. ते सांगणं अर्धवट राहिलं, की एक ओळ दोघा-तिघांशी जुळते आणि याद्या फुगतात. यावर एक झटपट औषध आहे. ‘डिस्टिंक्ट’ असा एक शब्द लिहायचा, की मशीन एकसारख्या ओळी गाळून टाकतं. मी तो शब्द पोह्यांवर शेव टाकावी तसा टाकत असे. काकांना तो शब्द दिसला की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

“काऊन मॅडम, पुन्हा ते डिस्टिंक्ट लावून राहिल्या का?”

“दुप्पट ओळी येत होत्या काका. गेल्या ना आता.”

“गेल्या. पण आल्या कुठून होत्या, ते विचारलं का त्यांना? ताप उतरायची गोळी देऊन राहिल्या तुम्ही. ताप काऊन आला ते बघा ना बाप्पा.”

मला राग यायचा. एक तर मी शिकलेली, हे आकडेमोडीत केस पांढरे केलेले. त्यातून बोलणार असं, की वादही घालता येऊ नये.

एकदा सकाळी पोहे-जलेबी खाताना मी त्यांना सरळ विचारलं, “काका, तुमचा कोणावरच विश्वास कसा नाही हो?” त्यांनी जलेबीचा पाक रुमालाला पुसला आणि एक गोष्ट सांगितली. कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये ते लहानाचे मोठे झाले. तिथे प्रत्येक सेक्टरमध्ये घरांचे नंबर एकपासून सुरू व्हायचे. यांचं क्वार्टर एकशे बारा. तरुणपणी यांना एका मोठ्या नोकरीच्या मुलाखतीचं पत्र आलं. पत्त्यात नाव होतं, क्वार्टर नंबर होता, सेक्टर लिहायचा राहिला होता. पोस्टमनने ते दुसऱ्या सेक्टरच्या एकशे बारामध्ये टाकलं. त्या घराला कुलूप होतं, माणसं गावी गेलेली. पत्र हातात पडलं तेव्हा मुलाखत होऊन महिना झाला होता.

“पोस्टमन म्हणाला, एकशे बारामध्येच तर टाकलं. खोटं नव्हता बोलत तो,” काका म्हणाले. “तेव्हापासून मी नुसता नंबर ऐकत नाही. सेक्टर विचारतो.”

ही गोष्ट खरी की माझ्यासाठी रचलेली, याची मला आजही खात्री नाही. सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता. खऱ्या दुःखाला इतका सपाट आवाज असतो का?

मग त्या यादीचा दिवस आला. वरून हुकूम आला की काही सेविका एकच मूल दोन-दोन केंद्रांवर दाखवून खोटी हजेरी भरतात, अशी तक्रार आहे. संध्याकाळपर्यंत नावं हवीत. दुबे सर माझ्या टेबलाशेजारी उभे राहिले. मी मुलांची यादी गावांच्या यादीशी जोडली, सवयीप्रमाणे डिस्टिंक्ट टाकलं आणि दोन गावांत दिसणारी मुलं वेगळी काढली. पडदा भरून वाहिला. शेकडो नावं, बहुतेक सगळी एकाच जिल्ह्यातली. दुबे सरांचा चेहरा उजळला. “देखा? पूरा गिरोह है!” मलाही चोर पकडल्याचा आनंद झाला, खोटं कशाला सांगू. डिस्टिंक्टने गाळूनही ज्या ओळी उरल्या, त्या खऱ्याच असणार असं मी धरून चालले.

काका त्या वेळी लाल वही घेऊन उठले होते. मला स्पष्ट आठवतं. माझ्या खुर्चीमागे आले, पडद्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि काहीच न विचारता जागेवर जाऊन बसले. दुबे सर उभे होते म्हणून असेल, असं मी समजले. यादी गेली. आठवड्याभरात त्या जिल्ह्यातल्या सेविकांना नोटिसा निघाल्या, की खुलासा द्या, नाहीतर काढून टाकू.

दोन-तीन आठवड्यांनी रामकली बाई आल्या. त्याच जिल्ह्यातल्या एका गावच्या सेविका, पन्नाशीच्या, पहाटेची बस पकडून आलेल्या. बगलेत गमछ्यात बांधलेलं हजेरीचं रजिस्टर. त्यांच्या केंद्रावरची मुलं एका भलत्याच गावात दाखवली होती. त्या दुबे सरांसमोर उभं राहून म्हणाल्या, “साहब, उस गाँव का तो मैंने नाम भी नहीं सुना. अठारह साल हो गए काम करते. मेरे को चोर मत लिखो.”

दुबे सर म्हणाले, “कम्प्यूटर झूठ बोलेगा क्या?” आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

खरं सांगते, मलाही ती बाई खोटी वाटली. रडली असती तर विश्वास बसला असता. ती रडत नव्हती. ती गाठ सोडून रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवत होती आणि मी मनात म्हणत होते, रजिस्टर काय, घरी बसून कोणीही लिहील.

काका त्यांच्या जागेवरूनच बोलले. “बाईजी, आपके केंद्र पे बच्चे कितने?”

“तैंतालीस.”

“मॅडम, मशीनमध्ये बघा. ह्यांच्या केंद्राच्या ओळी किती?”

मी बघितलं. “शहाऐंशी.”

काका उठले. खुर्चीमागे आले, पण ह्या वेळी वही नव्हती हातात. मराठीतच बोलले, अगदी हळू. “चोर इतका नेमका नसतो मॅडम. चोर दोन नावं घुसवेल, पाच घुसवेल. त्रेचाळीसची बरोब्बर शहाऐंशी चोर नाही करत. काहीतरी सोडलं असेल आपण. जोडलं कशावर?”

“जिल्हा आणि गाव नंबर.”

“कोणत्या विकासखंडाचं गाव?”

मी क्वेरी पुन्हा वाचली. तिच्यात विकासखंड नव्हताच. काही वर्षांपूर्वी त्या जिल्ह्यात एक विकासखंड, म्हणजे तालुक्यासारखा गावांचा गट, तोडून त्याचे दोन केले होते आणि नव्यातल्या गावांना पुन्हा एकपासून नंबर दिले होते. ते मला माहीत होतं. त्या कामाच्या फाईली मीच चढवल्या होत्या. म्हणजे एका जिल्ह्यात सात नंबरची गावं दोन, त्यांतलं एक रामकली बाईंचं. मी मशीनला नुसतं सात सांगितलं, त्याने रामकली बाईंचं प्रत्येक मूल दोन्ही सातांना जोडलं. गावांची नावं वेगळी, म्हणून ओळी एकसारख्या नव्हत्या, म्हणून माझ्या लाडक्या डिस्टिंक्टने त्यांना हात लावला नाही. सेक्टर लिहायचा राहिला होता.

मी विकासखंडाची एक अट वाढवली. एवढीशी, अर्ध्या ओळीची. पुन्हा चालवलं. शहाऐंशीच्या त्रेचाळीस झाल्या. शेकडो नावांच्या त्या यादीत बोटावर मोजण्याइतकी नावं उरली, आणि त्यांतलं रामकली बाईंचं एकही नव्हतं. माझ्यासमोर ती बाई उभी होती आणि तिला काय झालं ते कळत नव्हतं.

दुबे सरांना दोन मिनिटांत समजलं. तो माणूस मूर्ख नव्हता. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लोटून घेतलं आणि म्हणाले, “संशोधित सूची भेज दो. ‘तकनीकी कारण’ लिख दो. बात खतम.” मग माझ्याकडे बघून, अगदी सहज, “तुम्हारा रिन्यूअल भी तो अगले महीने है न?”

मला सुटल्यासारखं वाटलं. मी जागेवर येऊन पत्र टाईप करायला घेतलं. सुधारित यादी, तांत्रिक कारण. काका शेजारी स्टूल ओढून बसले.

“यादी सुधारली मॅडम तुम्ही,” ते म्हणाले. “त्या बाईच्या फाईलीत नोटिशीचा कागद लागला, तो कोण काढणार? तांत्रिक कारण वाचून तिकडचा साहेब काय समजेल? बाईने वरपर्यंत ओळख लावली, सुटली.”

“मग मी काय लिहू काका?”

त्यांनी चष्मा काढला. तो शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला. ह्यांचं काय जातंय? पक्की नोकरी, वर्षभरात पेन्शन. आणि त्याच वेळी डोक्यात तो जुना किडा वळवळला. त्या दिवशी हे वही घेऊन माझ्यामागे आले होते. आकडा ह्यांना दिसला असणार. नोंदही केली असेल. मग बोलले का नाहीत? मी तोंडघशी पडावं म्हणून?

मी विचारलंच. “काका, त्या दिवशी तुम्ही मोजलं होतं?”

चष्मा पुसणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि उठून पाणी प्यायला गेले.

बाकावर रामकली बाई रजिस्टर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांची परतीची बस दुपारची होती आणि त्या दर थोड्या वेळाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. मी टाईप केलेलं खोडलं. लिहिलं, की दोन याद्या जोडताना विकासखंड क्रमांक घ्यायचा माझ्याकडून राहिला. सेविकांचा काही दोष नाही. माझ्या चुकीमुळे निघालेल्या नोटिसा मागे घेऊन त्यांच्या फाईलींमधून काढाव्यात. खाली माझं नाव घातलं आणि दुबे सरांना न विचारता पत्र पाठवलं. एक प्रत छापून रामकली बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती सावकाश वाचली, मग रजिस्टरमध्ये ठेवून गमछ्याची गाठ मारली. मी माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, “ठीक है दीदी. पर एक बार गाँव में पूछ लेतीं.”

माझं कंत्राट वर्षाऐवजी तीन महिन्यांचं झालं, मग पुन्हा तीन, आणि मग दुबे सरांचाच राग कंटाळला. नोटिसा मागे घेतल्या गेल्या. रामकली बाईंचा एकदा फोन आला, “चिट्ठी आ गई, दीदी,” एवढंच. मी मात्र त्या दिवसापासून आधी मोजते, मग जोडते, मग पुन्हा मोजते. काका खुर्चीमागे यायचे, मी आकडे सांगायची, ते लिहायचे. पण माझ्या मनात अढी होती. मी कितीही चांगली वागले तरी ती वही माझ्याविरुद्ध पुरावा आहे, आणि त्या दिवसाचा आकडा तिच्यात आहे, हे मला पक्कं वाटत होतं.

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले. दुबे सरांनी शाल दिली, पाचही शर्मांनी भाषणं केली, समोसे झाले. काकांनी समोसे मोजले. सगळं आटोपल्यावर ते माझ्या टेबलाशी आले आणि लाल वही पुढे केली.

“ही तुम्ही ठेवा अनघाताई. घरी नेऊन मी कोणत्या ओळी मोजू?”

त्यांनी मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. मी वही घेतली. ते जिना उतरले असतील-नसतील तोच मी त्या यादीच्या दिवसाची तारीख शोधली. मला आकडा बघायचा होता. ओळ सापडली. तारीख होती. माझं नाव होतं. ‘आधी’च्या रकान्यात काही नव्हतं, ‘नंतर’च्या रकान्यात काही नव्हतं. पलीकडे बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘मॅडमचं काम चांगलं आहे. मोजलं नाही.’ आणि खाली वेगळ्या शाईत, रामकली बाई आल्या त्या दिवसाची तारीख टाकून: ‘चूक माझी.’

वर्षानुवर्षांच्या त्या वहीत रिकामी ओळ तेवढी एकच होती. घड्याळावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने एकदाच कोणावर तरी ठेवला होता, तो माझ्यावर, आणि मी तेव्हापासून त्याच्याकडे चोरासारखं बघत आले होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि रडूही आलं.

मी खिडकीशी धावले. खाली काका स्कूटरच्या पायदानावर भेटवस्तूंच्या पिशव्या रचत होते. शाल घडी करून डिकीत घातली. मग पिशव्यांवरून बोट फिरवत मोजलं, आणि पुन्हा मोजलं.

“काका!” मी ओरडले.

फाटकाजवळची तीन-चार माणसं वर बघायला लागली. ते वळले नाहीत. अर्थातच वळले नाहीत.

“वझलवार काका! सोनागिरीचे!”

आता त्यांनी मान वर केली. मी वही उंच धरून दाखवली. त्यांनी वही बघितली, हात वर केला, आणि पुन्हा वाकून पिशव्या पहिल्यापासून मोजायला लागले.